तबेल्यातली ठिणगी

आमच्या डोंबिवलीत केटरिंग म्हटले की पहिल्यांदा डोळ्यांसमोर येते ती पंगत. मसालेभात, मठ्ठा, जिलबी आणि पुढच्या लग्नासाठी हॉल रिकामा करण्याची घाई. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात मानपाडा रोडच्या मागच्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये मी केटरिंग हे नाव उच्चारले, तेव्हा आमच्या मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवून, साहेब, कुणाचे ठरले म्हणून विचारले. लग्न कुणाचेच ठरले नव्हते. केटरिंग हा माणूस आहे, आणि मिस्त्री गेली पन्नास वर्षे ज्याला डेल्को म्हणत आले त्या डेल्कोचा तो जन्मदाता आहे, असे मी सांगितले. मिस्त्रींना ती माझी थट्टा वाटली.

ज्यांचा गॅरेजशी संबंध फक्त बिल देण्यापुरता येतो त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या पेट्रोल गाडीच्या इंजिनावर एक काळे झाकण असते आणि त्यातून पाच जाड वायरी बाहेर येतात. एक मधली, चार कडेच्या. पुस्तकात त्या भागाला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. आपल्याकडच्या कित्येक मिस्त्रींच्या तोंडी मात्र तो डेल्को. तो कोणत्याही कंपनीने बनवलेला असो, नाव डेल्कोच, जसे कोणतेही वनस्पती तूप म्हणजे डालडा. हा शब्द अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन गावातून आला. डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, स्थापना १९०९. या लांबलचक नावाची इंग्रजी आद्याक्षरे जोडली की डेल्को होते. ती कंपनी ज्याच्या डोक्यातून निघाली तो चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग.

विषय निघाला तो माझ्या जुन्या पद्मिनीच्या इंजिनावरून. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनली १९८४ मध्ये. मी ती १९९१ मध्ये सेकंडहँड घेतली, बँकेचे कर्ज काढून, आणि कर्जाच्या अर्जावर माझ्याच वरिष्ठाने चेष्टेचा शेरा मारू नये म्हणून तीन दिवस काळजीत काढून. गाडी कधीच भंगारात गेली. इंजिन मात्र मिस्त्रींनी ठेवून घेतले होते, सवय म्हणून. त्यांचा नातू इंजिनिअरिंगला आहे. त्याने ते इंजिन लोखंडी स्टँडवर चढवले, डेल्कोच्या आतले पॉइंट आणि कंडेन्सर काढून तिथे एक सेन्सर बसवला, एक मोठी कॉइल काढून चार प्लगसाठी चार छोट्या कॉइल लावल्या आणि हे सगळे चालवायला एक संगणक आणला. गाडीबरोबर येतो तो नव्हे, बाजारात सुटा मिळतो तो. वहीच्या आकाराचा डबा, ज्याला आपले इंजिन कसे आहे हे आपणच शिकवायचे असते. तीन दिवस तो शिकवत होता. इंजिन एकदाही पेटले नव्हते, आणि दोन फ्यूज जळाले होते.

मी गेलो तेव्हा पोरगा लॅपटॉपसमोर मान खाली घालून बसला होता. बाहेर पाऊस, आत पेट्रोलचा वास. मला या बिघाडाचे काही कळत नव्हते. पण ज्या माणसाच्या कल्पनेभोवती हा सगळा पसारा मांडला होता त्याच्याबद्दल मी निवृत्तीनंतर बरेच वाचले आहे, एका कादंबरीच्या निमित्ताने. कादंबरी झाली नाही. माणूस डोक्यातून गेला नाही.

केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा, ओहायोतल्या लाउडनव्हिल गावाजवळच्या शेतावरचा. घर शेतकऱ्याचे. पोरगा हुशार, पण डोळे जन्मापासून अधू. थोडे वाचले की डोके ठणकायचे. शाळा संपवून त्याने काही वर्षे खेड्यातल्या शाळेत शिकवले, साठवलेल्या पैशांतून कॉलेजात नाव घातले, आणि डोळ्यांनी दगा दिल्यामुळे ते सोडावे लागले. मग त्याने टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत नोकरी धरली. खड्डे खणायचे, खांब उभे करायचे, तारा ओढायच्या. उन्हातान्हातल्या त्या कामाने त्याची प्रकृती सुधारली आणि विजेची गोडीही लागली. पुढे जिच्याशी लग्न झाले त्या ऑलिव्ह विल्यम्सची ओळखही त्याच काळातली. तो पुन्हा कॉलेजात गेला. वर्गमित्र पुस्तके मोठ्याने वाचून दाखवायचे आणि हा डोळे मिटून ऐकायचा. १९०४ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातून तो विद्युत अभियंता झाला तेव्हा वय अठ्ठावीसच्या घरात होते. आपल्याकडे या वयाला मुलाचे कसे होणार म्हणून नातेवाईक आईवडिलांना छळून झालेले असतात.

नोकरी लागली ती नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत, डेटनला. दुकानाच्या गल्ल्यावरचे ते घंटा वाजवून ड्रॉवर उघडणारे यंत्र ही कंपनी बनवत असे. त्या काळी यंत्राची मूठ हाताने फिरवावी लागे. ती फिरवायला विजेची मोटर बसवायची हे काम केटरिंगकडे आले. जाणकारांचे म्हणणे होते की एवढी ताकद देणारी मोटर यंत्राएवढीच मोठी होईल. केटरिंगने हिशेब वेगळा मांडला. मोटर दिवसभर चालायचीच नाही. क्षणभर झटका द्यायचा आणि थांबायचे. तेवढ्यापुरता तिच्यावर भलता बोजा टाकला तरी ती तापायच्या आत काम संपलेले असते. बँकेत उभी हयात काढलेल्या मला हे चटकन समजले. हा ओव्हरड्राफ्ट होता. कायमचे कर्ज पेलणार नाही अशा खातेदाराला दोन तासांसाठी मोठी उचल देता येते, तो संध्याकाळी भरणा करणार असेल तर. छोटी मोटर गल्ल्याच्या यंत्रात मावली. हाच हिशेब पुढे त्याने एकदा मोटारगाडीच्या बाबतीत मांडला, आणि जगातल्या रस्त्यांची तऱ्हाच बदलली.

त्याआधी ठिणगीची गोष्ट.

पेट्रोलची वाफ आणि हवा इंजिनात दाबली जाते आणि ठिणगीने पेटते. वेळेवर पेटली तर गाडी चालते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही ठिणगीच सगळ्यात बेभरवशाची होती. एक पद्धत होती विजेच्या घंटीसारख्या थरथरणाऱ्या कॉइलची. ती ठिणग्यांचा फवाराच सोडायची. त्यातली कोणती वाफ पेटवेल याचा नेम नसे आणि कोरड्या बॅटऱ्या बघता बघता संपत. दुसरी पद्धत मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून स्वतःच वीज तयार करणाऱ्या चुंबकाची. ती भरवशाची होती, पण महाग. आणि इंजिन हळू फिरत असताना, म्हणजे नेमके सुरू करताना, अशक्त.

कॅश रजिस्टर कंपनीतला केटरिंगचा वरिष्ठ एडवर्ड डीड्स याच्या घरामागे एक तबेला होता. १९०८ च्या सुमारास तिथे संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी एक टोळके जमू लागले. सगळे त्याच कंपनीतले. दिवसा नोकरी, रात्री तबेला. घोड्यांच्या जागी लेथ आणि ड्रिल. यातून केटरिंगने जी मांडणी तयार केली ती ऐकायला सोपी आहे. कॉइल म्हणजे लोखंडाच्या गाभ्यावर तांब्याच्या तारेचे दोन थर. एक जाड तारेचा, काहीशे वेढ्यांचा. दुसरा केसासारख्या बारीक तारेचा, हजारो वेढ्यांचा. जाड तारेत बॅटरीची वीज सोडली की गाभा चुंबक होतो. गंमत वीज सोडण्यात नाही, तोडण्यात आहे. आपल्या इमारतीत वरच्या मजल्यावर कुणी धो धो वाहणारा नळ एकदम बंद केला की भिंतीतल्या पाइपात कशी धडक बसते! तसेच इथे होते. वीज एकदम तुटली की चुंबकत्व कोसळते आणि बारीक तारेत दहा-पंधरा हजार व्होल्टचा दाब उसळतो. तो प्लगच्या टोकांमधली फट उडी मारून ओलांडतो. एक तोडणे, एक ठिणगी, अगदी हव्या त्या क्षणी. बॅटरी वाया जात नाही.

कॅडिलॅक गाड्या बनवणारा हेन्री लीलंड हा काटेकोर म्हातारा. त्याने ही मांडणी पारखली आणि १९०९ मध्ये आठ हजार संचांची मागणी नोंदवली. तबेल्यातल्या मंडळींकडे ना कारखाना, ना कंपनी. केटरिंगने नोकरी सोडली आणि डेल्को स्थापन झाली. पदरी एक वर्षाचा मुलगा असताना. पगाराच्या माणसाला असे पाऊल टाकणे किती कठीण असते हे मी कर्जाच्या अर्जांवरून पुष्कळ पाहिले आहे. माझ्या टेबलावर आलेल्या अशा शंभर जणांत आठ हजारांची ऑर्डर खिशात घेऊन आलेला एकही नव्हता, हेही खरे.

आता ती ओव्हरड्राफ्टची मोटर. त्या काळी गाडी सुरू करायची म्हणजे पुढे उभे राहून हँडल मारायचे. आपल्या पिढीने ट्रकवाल्यांना ते मारताना पाहिले आहे. ठिणगी अवेळी पडली की हँडल उलटे फिरायचे आणि मनगट, हात, कधी जबडा मोडायचा. लीलंडचा मित्र बायरन कार्टर कुणा बाईंची बंद पडलेली गाडी सुरू करून द्यायला थांबला, हँडल उलटले, आणि त्या दुखण्यातून तो गेला, अशी कथा मोटारीच्या इतिहासात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. तपशिलात ती रंगवलेली असेल. मोडलेले हात रंगवलेले नव्हते. इंजिन फिरवायला लागणारी मोटर गाडीत मावणार नाही, असे पुन्हा जाणकार म्हणाले. केटरिंगने पुन्हा क्षणभराचा हिशेब मांडला. १९११ मध्ये सेल्फ-स्टार्टर तयार झाला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसला. इंजिन सुरू झाले की तीच मोटर उलट बॅटरी भरायची आणि दिवेही लावायची. घरातली बाई किंवा म्हातारा माणूस कुणालाही न बोलावता गाडी घेऊन बाहेर पडू शकेल, ही गोष्ट त्या एका बटणाने शक्य केली.

डेल्को पुढे १९१६ मध्ये विकली गेली आणि जनरल मोटर्समध्ये सामील झाली. केटरिंग त्या प्रचंड कंपनीच्या संशोधनाचा प्रमुख झाला आणि १९४७ पर्यंत राहिला. एक गोष्ट मला फार जवळची वाटते. कंपनी डेट्रॉइटला, पण त्याने डेटनचे घर सोडले नाही. आठवडाभर डेट्रॉइटला हॉटेलात राहायचे आणि शनिवार-रविवार घरी. डोंबिवलीकराला हे वेगळे सांगायला नको. फरक इतकाच की तो विमान चालवायला शिकला होता आणि आपल्याला ८.१२ ची फास्ट.

त्याचे सगळेच साधले असे नाही. पाण्याऐवजी हवेने थंड होणारे, तांब्याच्या पट्ट्यांचे इंजिन हे त्याचे मोठे स्वप्न होते. १९२३ मध्ये ते शेवरोले गाडीत घालून बाजारात आणले आणि ते सपशेल पडले. विकलेल्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याने राजीनामा देऊ केला. कंपनीचा प्रमुख आल्फ्रेड स्लोन याने तो घेतला नाही. पावणेदोनशेच्या वर पेटंटे नावावर असलेल्या माणसाने हरल्यावर राजीनामा लिहिला होता, हे वाचून मला तो आवडू लागला. आणि नेमका त्यानंतर पुढचा भाग वाचावा लागला.

बॅटरीच्या ठिणगीवर चालणाऱ्या कॅडिलॅक गाड्या चढावर ठोके मारत. वाफ नीट न पेटता आतल्या आत धडाधड फुटते तेव्हा हातोडीने ठोकल्यासारखा आवाज येतो, आपले मिस्त्री त्याला नॉकिंग म्हणतात. मॅग्नेटोवाले प्रतिस्पर्धी म्हणू लागले की दोष केटरिंगच्या ठिणगीचा. त्याला ते लागले. दोष ठिणगीचा नसून इंधनाचा आहे अशी त्याची खात्री होती, आणि ती बरोबर होती. हे सिद्ध करायला त्याने १९१६ मध्ये थॉमस मिजली या तरुण अभियंत्याला कामाला लावले.

सुरुवात गमतीची आहे. केटरिंगला एक रानफूल ठाऊक होते, ज्याची पाने लालसर असतात आणि जे बर्फातही लवकर फुलते. लाल रंग उष्णता लवकर शोषतो म्हणून असे होत असेल, तर इंधनही लाल करून पाहू, असे ठरले. प्रयोगशाळेत तेलात विरघळणारा लाल रंग नव्हता, आयोडिन होते. ते घातले आणि ठोके थांबले. नंतर खरा लाल रंग आणून घातला, तर काही उपयोग नाही. गुण रंगाचा नव्हता, आयोडिनचा होता. चुकीच्या तर्काने दार उघडले. मग पाच वर्षे हजारो पदार्थ घालून पाहिले. टेल्युरियम चालले, पण त्याचा लसणासारखा वास कपड्यांतून जाईना. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड घातले. शिशाचा एक द्रव. चिमूटभर घातला आणि इंजिन मांजरासारखे गुरगुरू लागले.

दारूच्या जातीचे इथाइल अल्कोहोलही ठोके थांबवते, हे त्यांच्याच प्रयोगशाळेला माहीत होते. पण ते बरेच घालावे लागे आणि त्यावर कुणाची मालकी सांगता येत नव्हती. शिशाचे पेटंट घेता येत होते. नव्या पेट्रोलचे नाव ठेवले इथिल. नावात शिसे नव्हते. १९२३ च्या फेब्रुवारीत डेटनमध्येच त्याची पहिली विक्री झाली, १९२४ मध्ये कंपनी निघाली आणि तिचा पहिला अध्यक्ष केटरिंग.

शिसे विषारी असते हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते असे म्हणायची सोय नाही. ते रोमन काळापासून ठाऊक होते. खुद्द मिजली १९२३ च्या आरंभी शिशाने आजारी पडून हवापालटाला गेला होता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील कारखान्यात कामगारांना भास होऊ लागले, ते किंचाळू लागले, त्यांना बांधून ठेवावे लागले. पाच जण दगावले. त्याच महिन्यात मिजलीने पत्रकारांसमोर तो द्रव हातावर ओतून आणि हुंगून दाखवला. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला सरकारी परिषद भरली. हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी हे विष रस्त्यारस्त्यावर सांडू नका म्हणून विरोध केला. केटरिंगने शिशाची बाजू मांडली. काही महिने विक्री थांबली, समितीने थोडक्या वेळात पाहणी करून बंदीचे कारण नाही असा निर्वाळा दिला, आणि १९२६ मध्ये पंप पुन्हा सुरू झाले. मग ते जगभर गेले. आपल्याकडेही आले.

इथे मी वाचता वाचता पुस्तक मिटले होते. माझी मुलगी चार-पाच वर्षांची असताना तिला पेट्रोलचा वास फार आवडायचा. रविवारी सकाळी मी तिला मुद्दाम पंपावर घेऊन जात असे. पद्मिनीच्या खिडकीतून मान बाहेर काढून ती श्वास ओढायची आणि मी हसायचो. शिशाने लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते, थोड्या शिशानेही, हे तेव्हा अमेरिकेतल्या डॉक्टरांना माहीत झाले होते; डोंबिवलीच्या पंपावर मला कोण सांगणार? आपल्या चार महानगरांत बिनशिशाचे पेट्रोल आले एप्रिल १९९५ मध्ये, तेही नव्या धाटणीच्या गाड्यांपुरते. सगळ्या देशातून शिसे गेले १ फेब्रुवारी २००० रोजी. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे २०२१ मध्ये. मुलगी माझी व्यवस्थित शिकली, नोकरी करते, आणि तिला मी हे अजून सांगितलेले नाही. आता ती रविवारी हे वाचेल.

केटरिंगला मी दोषी धरतो का? धरतो. तो दुष्ट नव्हता. पण ज्याने जाणकारांचे म्हणणे आयुष्यभर तपासल्याशिवाय मानले नाही, त्याने याच एका बाबतीत आपल्या सोयीचे म्हणणे तपासल्याशिवाय मानले. बँकेत आम्ही याला डोळेझाक म्हणत असू, आणि ती करणारे बहुधा सगळ्यात हुशार अधिकारीच असत.

पुढचे आयुष्य मानमरातबात गेले. लवकर वाळणारा गाडीचा रंग, रेल्वेची डिझेल इंजिने, फ्रिजमधला फ्रिऑन वायू, या सगळ्यांत त्याच्या प्रयोगशाळेचा हात आहे. फ्रिऑन शोधणाऱ्यांत मिजलीच प्रमुख, आणि त्याच वायूंनी पुढे ओझोनच्या थराला भोके पाडली. एवढे दुर्दैवी हात एकाच माणसाला असावेत याचे नवल वाटते. १९४० मध्ये त्याला पोलिओ झाला. बिछान्यातून उठण्यासाठी त्याने स्वतःच दोऱ्या आणि कप्प्या बसवल्या होत्या, आणि १९४४ मध्ये त्यातच गळा आवळून तो गेला. केटरिंग आणि स्लोन यांनी १९४५ मध्ये न्यूयॉर्कला कर्करोगाच्या संशोधनाची संस्था काढली. परळच्या टाटा हॉस्पिटलात ज्यांनी वाऱ्या केल्या आहेत, त्यांनी डॉक्टरांच्या बोलण्यात स्लोन केटरिंग हे नाव ऐकले असेल. संस्था निघाल्यानंतर वर्षभरातच ऑलिव्ह कर्करोगाने गेली. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटनच्या त्याच घरी केटरिंग वारला. घराभोवतीच्या वस्तीला लोकांनी आधीच त्याचे नाव दिले होते.

यातले बरेचसे मी त्या दिवशी गॅरेजमध्ये सांगत होतो. मिस्त्री ऐकत होते की नाही कुणास ठाऊक. मध्येच ते उठले आणि त्यांनी त्या चार छोट्या कॉइलना एकेक करून हात लावला. चटका बसला. इंजिन फिरत नव्हते, नुसती चावी चालू होती, आणि कॉइल तव्यासारख्या. मिस्त्री माझ्याकडे वळले आणि गणपतीची आठवण आहे का म्हणून विचारले.

होती. १९९१ चा गणपती. फडके रोडला गाडी लावून मी चावी चालू ठेवून आरतीला गेलो होतो. पॉइंट जुळलेल्या जागी इंजिन थांबले असेल तर कॉइलमधून वीज अखंड वाहत राहते. तोडणे नाही, ठिणगी नाही, नुसते तापणे. परत आलो तोवर कॉइल जळाली होती. मिस्त्रींनी नवी बसवली आणि माझ्या अकलेबद्दल एक अक्षर काढले नाही, ते मला जास्त लागले.

पोरगा आता सावध झाला. त्याने मीटर लावला. संगणकाकडून कॉइलकडे जाणाऱ्या इशाऱ्याच्या वायरवर इंजिन थांबलेले असताना काही नको; तिथे पाच व्होल्ट होते. या नव्या कॉइलच्या पोटात विजेचे स्वतःचे दार असते. इशारा चढला की दार उघडते आणि कॉइल भरते, जेमतेम तीन सहस्रांश सेकंद. इशारा उतरला की वीज तुटते आणि ठिणगी पडते. पोराने संगणकाला उलटे शिकवले होते. भरायच्या वेळी बंद आणि बाकी सगळा वेळ भरणा. पन्नास रुपयांच्या फ्यूजने चार कॉइल आणि संगणक वाचवला, नाहीतर केटरिंगचे सगळे पुराण ऐकून पोराच्या हाती राख उरली असती. त्याने एक खूण बदलली. मीटर शून्यावर आला. मग मिस्त्रींनी कॉइलच्या अर्थिंगची वायर सेन्सरच्या वायरीबरोबर बांधलेली पाहिली, ती सोडवून सरळ इंजिनाच्या अंगावर घट्ट आवळली. एवढा झटका देणाऱ्या वायरीला नाजूक वायरीच्या शेजारी बसवू नये, ही अक्कल त्यांची संगणकाच्या आधीची.

स्टार्टर मारला. इंजिन पेटले नाही, पण कार्ब्युरेटरमधून फटाका वाजला आणि गल्लीतले कुत्रे पळाले. तीन दिवसांतला पहिला आवाज, म्हणून पोरगा खूष. मिस्त्रींनी तोंडातल्या तोंडात एक-तीन-चार-दोन असे म्हटले. पद्मिनीचे चार सिलिंडर याच क्रमाने पेटतात. संगणकाच्या पाठीवर एक, दोन, तीन, चार असे आकडे होते. पोराने ते सिलिंडरचे नंबर समजून वायरी जोडल्या होत्या. ते सिलिंडरचे नंबर नव्हते, पाळीचे होते. दुसरी पाळी तिसऱ्या सिलिंडरची, तिसरी चौथ्याची, चौथी दुसऱ्याची. पहिला तेवढा बरोबर होता. तीन वायरींची अदलाबदल करायला पाच मिनिटे लागली.

या वेळी ते पेटले. आधी अडखळत, मग एका लयीत. टाकीच्या जागी टांगलेल्या बाटलीत कोपऱ्यावरच्या पंपाचे पेट्रोल होते, ज्यात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. म्हणजे डेटनच्या प्रयोगशाळेने शंभर वर्षांपूर्वी बाजूला ठेवलेले तेच अल्कोहोल. जुन्या इंजिनाचे रबरी पाइप त्याने खराब होतात म्हणून मिस्त्री कुरकुरत होते. पोरगा पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत होता. मी त्या आवाजाकडे कान लावून उभा होतो. गाडी विकल्यापासून तो ऐकला नव्हता.

थोड्या वेळाने मिस्त्रींनी इंजिन बंद केले, चावी काढली, माझ्याकडे पाहिले आणि ती स्वतःच्या खिशात टाकली.